एलायजाचे स्मोल हातमोजे

पाण्यावर उभा राहून धावणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला तो तिबेरियाला, किन्नेरेतच्या सरोवरावर. त्याचं नाव अमिराम. तो बिचारा थांबायला केव्हाचा तयार होता, पण त्याचा डावा हात त्याला थांबू देत नव्हता, आणि त्या डाव्या हातात माझ्या साडूनं शिवलेला मोजा होता. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "जुडाभाऊ, यातलं खरं किती?" मी म्हणतो, आधी सगळं ऐकून घ्या. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, सूप फेकून देत नाही.

साडूचं नाव एलायजा रोहेकर. माझी सॅली आणि त्याची मलका सख्ख्या बहिणी. मी इस्रायलला आलो एकावन्न साली. एलायजा आला सत्तावन्नमध्ये. मुंबईत तो भायखळ्याच्या एका दुकानात विकेटकीपरचे हातमोजे शिवायचा. त्याचा मोजा घातला की चेंडू आपणहून येऊन बसतो, अशी त्याची ख्याती होती. एकदा म्हणे ओव्हल मैदानावर विकेटकीपरच्या हातात चेंडूऐवजी कबुतर येऊन बसलं आणि अंपायरनं त्यालाही आऊट दिलं. आता या देशात क्रिकेट कुठलं? लिश्का म्हणजे इथली कामं वाटणारी कचेरी. तिथल्या माणसानं विकेटकीपर हा शब्द तीनदा लिहून तीनदा खोडला आणि एलायजाला दगड उचलायला पाठवून दिलं.

डोंगर साफ करून झाडं लावायची, असं ते काम. इथले दगड कसले म्हणता, आज जिथून एक उचलावा तिथे उद्या दोन हजर. एलायजाचं ठाम मत होतं की रात्री त्यांना पिल्लं होतात. घरी आला की तो हात पाण्यात बुडवून बसे आणि मलका त्या हातांकडे बघत बसे. शिवणाऱ्याची बोटं ती. ती सुजून पार पावासारखी झाली होती.

मी तेव्हा पेताह तिक्वाला त्स्वीच्या हातमोज्यांच्या कारखान्यात व्हॅन चालवत होतो. संत्री तोडणाऱ्यांचे मोजे, गवंड्यांचे मोजे, असा माल. त्स्वी मूळचा पोलंडचा, तोंडात कायम दोन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे त्याचं हिब्रू टाचण्यांच्या फटीतून जेवढं बाहेर पडेल तेवढंच. मी शब्द टाकला आणि एलायजाला तिथे मशीन मिळालं. पण टेंपररी. पर्मनंटला इथे कवूआ म्हणतात, आणि आमच्या माआबारात, म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या त्या छावणीत, कवूआ हा शब्द लोक टोपी सरळ करून उच्चारत. कवूआ माणसाला कोणी काढू शकत नाही. कवूआ माणसाला आजारपणाची भरपगारी रजा. कवूआ माणसाला बसमध्येसुद्धा लोक जरा सरकून जागा देतात.

मलका मला म्हणाली, "भावजी, यांना कवूआ होऊ दे. परत दगडांकडे गेले तर मी यांच्याशी बोलणार नाही, दगडांशीच बोलेन. त्यांना निदान पिल्लं तरी आहेत."

"काय बोलतेस गं," एलायजा म्हणाला.

"तुमच्याशी नाही, भावजींशी बोलतेय."

आता एक बारीकशी गोष्ट. हिब्रूत डाव्याला म्हणतात स्मोल. आणि मुंबईहून आलेल्या माणसाच्या कानाला स्मोल म्हणजे स्मॉल, लहान. एलायजाची हिब्रूशी ओळख अशीच कानाकानानं झालेली. कुणी अर्थ सांगितला नाही, त्यानं विचारला नाही, आणि नशीब असं की प्रत्येक वेळी त्याचंच खरं ठरत गेलं. बसवाला म्हणाला, दवाखाना पाहिजे ना, तो स्मोल रस्ता धर. एलायजानं दोन रस्त्यांतला लहान रस्ता धरला. तो नेमका डावीकडे होता. दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "स्मोल डोळा." एलायजानं डोळा बारीक केला. डॉक्टर म्हणाला, "नाही, स्मोल." एलायजानं आणखी बारीक केला. डॉक्टरनं चष्म्याचा असा नंबर दिला की तो लावून एलायजाला घरातली भिंत दिसत नसे, पण पलीकडच्या घरात काय शिजतंय ते स्वच्छ दिसे.

सगळ्यात गंमत किबुत्झच्या, म्हणजे सामाईक शेतीच्या वसाहतीतल्या, गड्यांची. ते संत्र्यांचे मोजे घ्यायला यायचे. दाराला खांदे घासतील असे एकेक पहिलवान, आणि चहा पिताना छाती ठोकून सांगायचे, "आम्ही स्मोल." राजकारणातलं बोलत होते हो, डावे म्हणून. एलायजा घरी येऊन मलकाला म्हणाला, "काय नम्र लोक आहेत. हा एवढा रेड्यासारखा माणूस, आणि सांगतो काय, तर मी लहान."

"शिका जरा," मलका म्हणाली.

अशा वेळी अमिराम कारखान्यात आला. तिबेरियाच्या एका हॉटेलात तो पाहुण्यांना पाण्यावरून पळायला शिकवायचा. पायाला लाकडी फळ्या बांधायच्या, हातात दोरीची मूठ धरायची आणि पुढे मोटरबोट सुटली की तिच्यामागे उभ्यानं घसरत जायचं. अमिरामचे हात असे की एका तळव्यात कलिंगड मावावं आणि वर बी थुंकायला जागा उरावी. त्या हातांना फोड आले होते. त्यानं टेबलावर एक अमेरिकन मोजा ठेवला. एकच, उजव्या हाताचा. डावा मासे घेऊन गेले होते.

त्स्वीनं मोजा उलटसुलट पाहिला, हुंगला, दातानं चावलासुद्धा. तळव्याला बकरीचं पातळ कातडं, म्हणजे दोरीची मूठ हाताला कळावी. पाठीला सुती विणीचं कापड, म्हणजे पाणी निथळावं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात दुहेरी तुकडा, कारण सगळी ओढ तिथेच. बोटांची शिवण बाहेरून, आत असती तर ओल्या कातडीला घासून सोलून काढती. आणि मोठी खुबी म्हणजे तळव्याचं कातडं पाठीच्या कापडापेक्षा आखूड, म्हणजे मोजा नुसता ठेवला तरी बोटं अर्धी मिटलेली, जसं काही तो कुणाचं मनगट धरायला निघालाय. मनगटाला बक्कल.

"बारा दिवसांनी परदेशी पाहुण्यांसमोर खेळ आहे," अमिराम म्हणाला. "सहा जोड पाहिजेत. माझ्या मापाचे. सगळे गडी माझ्याएवढेच आहेत."

तो गेल्यावर त्स्वीनं आपल्या दोन शिवणाऱ्यांना बोलावलं. एक रुमानियाची रिव्का, दुसरा एलायजा. टाचण्यांच्या फटीतून तो म्हणाला, "रिव्का, यामिन. एलायजा, स्मोल. आणि ऐक एलायजा. तिबेरियाचं हॉटेल मोठं गिऱ्हाईक आहे. अमिराम मोज्यांना हो म्हणाला तर तू कवूआ. नाही म्हणाला तर रविवारी लिश्का." इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो.

यामिन म्हणजे उजवा. पण एलायजाच्या माहितीत बिन्यामिन नावाचे चार काका आणि एक मावसभाऊ होता, तेव्हा यामिन कोण असणार, गिऱ्हाईकच. यामिन साहेबांचे मोजे रिव्का करणार, आपण स्मॉल साईझ करायची. सरळ हिशोब.

मी त्या दिवशी संत्र्यांच्या बागेकडे माल पोचवायला गेलो होतो. संध्याकाळी त्याला विचारलं, "काय काम दिलंय रे?"

"स्मॉलचं," तो म्हणाला. मी हिब्रू ऐकलं, तो इंग्रजी बोलला, आणि आम्ही दोघे समाधानानं घरी गेलो.

तुम्ही म्हणाल, मोजे जोडीनं असतात एवढंही कळू नये? अहो, तो खेळ आमच्यापैकी कुणी पाहिला होता? एलायजानं मनात ट्राम आणली. ट्रामच्या दांड्याला एक हात, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. पाण्यावर तरी माणूस दोन्ही हात कशाला अडकवून घेईल? शिवाय नमुना एकाच हाताचा दिला होता. त्यानं नमुन्यासारखाच मोजा केला, उजव्या हाताचा, फक्त लहान.

लहान म्हणजे केवढा? माप कुणी दिलं नव्हतं, म्हणून त्यानं मलकाच्या हाताचं घेतलं. मलकाचा हात असा की मुंबईत बांगडीवाली तिला लहान मुलींच्या पेटीतल्या बांगड्या भरायची. एलायजानं त्या मापावर कातडं बेतलं, तळवा आखूड ठेवला, मेण लावलेल्या दोऱ्यानं बाहेरून बारीक टाका घातला, बेचक्यात विकेटकीपरच्या मोज्याला असते तशी जाळीसुद्धा टाकली. बक्कल म्हणून बाळाच्या चपलेचं बक्कल लावलं, दुसरं एवढं छोटं मिळेना. काम इतकं सुबक की मलकानं एक मोजा घालून पाहिला आणि काढायला तयार होईना.

"हा मला ठेवा," ती म्हणाली.

"यामिन साहेबांच्या माणसांचे आहेत ते."

"केवढीशी माणसं असतील हो ती."

"नम्र आहेत," एलायजा म्हणाला.

रिव्कानं तिकडे सहा उजवे केले, अमिरामच्या मापाचे, एकेकात मांजर व्यायेल एवढे. एलायजानं सहा उजवे केले, मांजराच्या पिल्लालाही विचार करावा लागेल एवढे. दोघांनी आपापली पुडकी बांधली. त्स्वीनं पुडकी मोजली, सहा आणि सहा, आणि ती व्हॅनमध्ये टाकली. काही दुरुस्ती लागली तर म्हणून एलायजालाही सुईदोऱ्यासकट घेतलं. मलकानं डबा दिला: पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि मुंबईहून जपून आणलेल्या लोणच्याची बरणी. "आज हो-नाही व्हायचंय," ती म्हणाली. "उपाशी पोटी होऊ देऊ नका."

तिबेरिया समुद्राच्या पातळीपेक्षा खूप खाली आहे. बाकी जगात ऊन वरून पडतं आणि जमिनीवर थांबतं. तिथे ते आणखी दोनशे मीटर खाली येतं, आणि येताना वाटेत चांगलं तापून घेतं. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, टोप्या, कॅमेरे, लिंबू सरबत. धक्क्याला मोटरबोट लागली होती आणि तिच्यात सूर्यफुलाच्या बिया सोलत हेदवा बसली होती. ही बोट चालवणारी बाई. तिची एक खोड होती: बोट सुटली की ती कधीही मागे वळून बघत नसे. सदोम शहरातून पळताना मागे वळून पाहणाऱ्या बाईचा मिठाचा खांब झाला, ही जुनी गोष्ट तिच्या आजीनं तिला लहानपणी सांगितली होती, आणि मिठाचा तो डोंगर याच देशात आहे.

अमिरामनं रिव्काचं पुडकं उघडलं, उजव्या हातात मोजा घातला, मूठ मिटली, उघडली. "छान," तो म्हणाला. मग एलायजाचं पुडकं उघडलं.

हेदवानं बीचं एक टरफल थुंकलं.

"हे काय आहे?" अमिरामनं विचारलं.

त्स्वीनं तोंडातल्या दोन्ही टाचण्या काढल्या. मी त्याला टाचण्यांशिवाय प्रथमच पाहत होतो. तोंड फारच मोठं निघालं. तो एलायजाकडे वळला. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"स्मोल," एलायजा म्हणाला.

"आणि हे काय आहे?"

"स्मॉल."

"हे यामिन आहे."

"नाही, यामिन साहेबांचे रिव्काकडे होते. ते मोठे आहेत."

"कोण यामिन साहेब?"

एलायजानं अमिरामकडे बोट दाखवलं. "हे नव्हे?"

मी मध्ये पडलो आणि दोघांना दोघांचं समजावलं. एलायजाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग तो माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "जुडाभाऊ, म्हणजे तो डोळ्यांचा डॉक्टर..."

"हो."

"आणि ते किबुत्झचे गडी..."

"ते नंतर."

तो खाली बसला. त्याला समोर दगड दिसत होते, ते मला कळत होतं. एक, दोन, चार.

अमिराम मात्र संतापानं फुलला होता. "हा मोजा माझ्या हातात जाईल का? बघा, जाईल का हा?" असं म्हणत त्यानं एक चिमुकला मोजा आपल्या उजव्या हाताच्या बोटांवर ताणला. अर्धी बोटं कशीबशी शिरली. मग निघेना. त्यानं दुसऱ्या हातानं कडेला धरून असा हिसडा मारला की मोजा केळ्याच्या सालीसारखा उलटा होऊन आला आणि उडून हेदवाच्या मांडीवर पडला. हेदवानं तो उचलला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"हा डावा आहे," ती म्हणाली.

आणि होता. उजवा मोजा उलटा केला की डावा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण आम्ही चौघे मोठी माणसं होतो ना. आतली बाजू बाहेर आली होती, कातडं तिथे खरबरीत, मूठ घसरायला नको असेल तर उत्तमच. शिवण आत गेली होती, ती घासली असती, पण तक्रार करायला वेळ कुठे होता? पाहुणे घड्याळ बघत होते.

राहिलं माप. एलायजा उठला. "कातडं आहे," तो म्हणाला, "भिजलं की सैल पडतं." त्यानं मोजा किन्नेरेतमध्ये बुडवला, पिळला, परत बुडवला. मग अमिरामला धक्क्यावर बसवून आम्ही तो त्याच्या डाव्या हातावर चढवायला घेतला. मी अंगठा धरला, त्स्वीनं करंगळी, एलायजा मधून ओढत होता, आणि हेदवानं अमिरामच्या छातीला पाय लावला. पाहुण्यांना वाटलं हा खेळाचा पहिला भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी मोजा बसला. बसला म्हणजे असा की नखांवरचे पांढरे ठिपके बाहेरून मोजावेत.

अमिरामनं मूठ धरली, हेदवानं बोट सोडली, आणि तो गेला.

आधी सगळं ठीक होतं. मग रिव्काच्या उजव्या मोज्यात पाणी भरायला लागलं. मोठा होता ना, त्यात घाईत बक्कल लावायचं राहिलेलं, बादलीसारखा भरला, आणि एका लाटेला हातातून निघून एकटाच पोहत दिसेनासा झाला. अमिरामचा उघडा हात सुटला. तो एका हातावर आला. लोक उभे राहिले, कॅमेरे वाजले. त्यांना वाटलं, काय धीट माणूस आहे, एका हातानं.

अमिरामला सोडायचं होतं. पण डावा मोजा आता वाऱ्यानं आणि उन्हानं वाळत चालला होता, आणि भिजून ताणलेलं कातडं वाळलं की काय करतं ते कातड्यालाच माहीत. आकसतं, आवळतं, आईची आठवण आल्यासारखं परत मूळच्या मापाकडे निघतं. मूळचं माप मलकाचं. त्यात तळवा आधीच आखूड, बोटं आधीच मिटलेली. मोजा मिटला आणि मिटलेलाच राहिला. अमिराम ओरडत होता, "थांब, हेदवा, थांब," आणि हेदवा मिठाचा डोंगर आठवून समोर बघत होती.

ती जोडी आमच्यासमोरून किती वेळा गेली, ते मोजायला मी थांबलो नाही. मान दुखायला लागली. कोळ्यांनी जाळी काढून घेतली. मासे काठाला येऊन बघत होते. एका फेरीला अमिराम आमच्या अगदी जवळून गेला आणि एलायजाकडे बघून काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?" एलायजानं विचारलं.

"तुझी चौकशी केली."

शेवटी बोटीतलं पेट्रोल संपलं. बोट थांबली. पण अमिराम एवढ्या वेगात होता की तो थांबला नाही. तो बोटीच्या बाजूनं पुढे निघाला, दोरी सैल पडली, मग ताणली, आणि आता अमिराम पुढे आणि बोट मागे. हेदवाला पहिल्यांदाच पाठमोरा माणूस समोर दिसला. तिनं बी सोलणं थांबवलं. अमिराम बोट ओढत सरळ धक्क्याशेजारच्या काठावर आला, फळ्यांवरून उतरला, आणि चार पावलं वाळूत गेल्यावर थांबला, कारण बोटीचं टोक दगडाला लागलं होतं.

पाहुणे वेडे झाले. हॉटेलचा मॅनेजर धावत आला आणि त्स्वीला म्हणाला, "असले मोजे कुठे मिळतात? पण आधी अमिराम काय म्हणतो ते विचारा. घालायचे त्याला आहेत."

त्स्वी अमिरामजवळ गेला. "एकच शब्द सांग. हो की नाही?"

अमिरामचा डावा हात दोरीच्या मुठीला धरूनच होता. "हात सुटला की सांगतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून एलायजानं तो शब्द ओळखला: नाही.

आम्ही त्याला धक्क्याच्या पायरीवर बसवलं, हात मुठीसकट पाण्यात सोडला. थोड्या वेळानं कातडं सैल पडलं, मला बोटानं दाबून कळत होतं. पण हात निघेना. एलायजानं वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, "जुडाभाऊ, यांना सांगा, मोजा सुटलाय. यांनीच मूठ आवळलीय. रागानं. राग सोडा म्हणावं."

मी सांगितलं.

"मी रागावलेलो नाही," अमिराम दात खात म्हणाला, आणि मोज्याची शिवण करकरली.

आता रागावलेल्या माणसाला राग सोड म्हणणं म्हणजे पेटलेल्या चुलीला थंड हो म्हणणं. त्स्वीनं त्याला पोलंडचा एक विनोद सांगितला. मूठ आणखी घट्ट झाली. हेदवा म्हणाली, गाणं म्हणू का. तो नको म्हणाला. मॅनेजर घड्याळ बघत होता, त्स्वी टाचण्या शोधत होता, आणि एलायजा खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून त्या मुठीकडे असा बघत होता की जणू त्याचा रविवार तिच्यात अडकलाय.

आमच्या लोकांना असल्या वेळी एकच उपाय येतो. एलायजानं डबा उघडला. "जेवले नसतील," तो मला म्हणाला. "यांना विचारा." अमिरामनं उजव्या हातानं पुरी घेतली, भाजी घेतली. आणखी पुरी घेतली. मग त्याची नजर बरणीवर गेली. तेलात लाल लाल फोडी. या देशात तेलात बुडवलेलं जे काही असतं ते ऑलिव्ह किंवा काकडी असतं. मी "थोडं" हा शब्द हिब्रूत शोधेपर्यंत त्यानं दोन बोटं घालून एक अख्खी मिरची आणि कैरीची फोड एकदमच तोंडात टाकली होती.

थोडा वेळ काही झालं नाही. अमिराम चावत होता. मग त्यानं चावणं थांबवलं. त्याचे डोळे एलायजाच्या चष्म्याच्या नंबराचे झाले. कान हलले. "मायिम," तो म्हणाला, पाणी, आणि तो हे एवढ्या जवळ पाणी असताना म्हणाला यावरून काय ते समजा. मग दोन्ही हातांनी तोंड धरून पायरीवरून उडाला.

दोन्ही हातांनी. दोरीची मूठ पाण्यात तरंगत होती, आणि मोजा एकटाच तिला घट्ट धरून होता.

अमिराम पालथा पडून किन्नेरेत पिऊ लागला. लोक म्हणतात त्या वर्षी पाणी खाली गेलं ते पाऊस कमी झाला म्हणून. म्हणोत. तो उठला तेव्हा काठावरची एक पायरी कोरडी झाली होती. तोंड उघडं टाकून, मान वरखाली करत तो वारा आत ओढत होता.

"हो म्हणतोय," त्स्वी म्हणाला.

"तो जळतोय," मी म्हणालो.

"मान हलवतोय ना? पोलंडमध्ये याला हो म्हणतात."

पण असली मान एलायजाला चालणार नव्हती. खोट्या होकारावर कवूआ झालेला माणूस रोज दाराकडे बघत बसतो. तो अमिरामसमोर गेला, आणि जेवढं हिब्रू येत होतं तेवढं सगळं एका वाक्यात वापरून विचारलं, "मोजा, चांगला? वाईट?"

अमिरामनं आपला डावा हात डोळ्यांसमोर धरला. उलटसुलट पाहिला. एकही फोड नव्हता. उजव्या हाताची मात्र साल गेली होती. तो हेदवाकडे वळला. "मी बोट ओढली का?"

"ओढलीस," हेदवा म्हणाली.

"एका हातानं?"

"मी मागे बघत नव्हते. पण हो."

मग अमिराम हसला. त्याला हसताना खोकला आला आणि खोकताना परत जळलं. "मोजा चांगला आहे," तो म्हणाला. "मी असा घट्ट मोजा कधी घातला नाही आणि परत घालायची हिंमतही होईल असं वाटत नाही. पण चांगला आहे. फक्त बरणीशिवाय विकू नका. नाहीतर माणूस घरी कसा जाणार?"

मॅनेजरनं तिथल्या तिथे आणखी जोड मागितले, या वेळी माणसाच्या मापाचे, आणि प्रत्येक जोडीमागे एक लहान बरणी. त्स्वीला अखेर खिशात टाचण्या सापडल्या. त्यानं त्या तोंडात धरल्या, एलायजाचा हात हातात घेतला आणि फटीतून एकच शब्द बाहेर सोडला.

"कवूआ."

परत येताना व्हॅनमध्ये एलायजा रस्त्याकडे बघत बसला होता. मध्येच एकदा म्हणाला, "जुडाभाऊ, यामिन म्हणजे उजवा." थोड्या वेळानं, "आणि स्मोल म्हणजे डावा." मग पेताह तिक्वा येईपर्यंत तो प्रत्येक वळणाला आधी सांगायचा, कुठलं वळण येणार ते, आणि बरोबर आलं की मान हलवायचा. मलका माआबाराच्या तोंडाशी उभी होती. त्यानं तिला सांगितलं. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि डोळ्यांना पदर लावला. मग शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय झालात म्हणालात?"

"कवूआ."

"परत सांगा, मला नीट ऐकू आलं नाही."

रविवारी सकाळी मी कारखान्यात पाहतो तर एलायजाचं मशीन रिकामं. त्स्वी म्हणाला, "आजारी आहे. निरोप आलाय." मी व्हॅन घेऊन तसाच माआबारात गेलो. एलायजा खाटेवर चादर ओढून आडवा होता, चेहरा टवटवीत, उशाला चहा. मलका पंख्यानं वारा घालत होती.

"काय होतंय रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "पण कवूआ माणसाला आजारपणाची रजा असते ना? म्हटलं, खरंच देतात का बघावं. दिली."

"मग आता काय करणार दिवसभर?"

एलायजानं छताच्या पत्र्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा पत्र्याकडे. मलका म्हणाली, "सकाळपासून तिसरा चहा चाललाय, भावजी. आणि पत्र्यातली भोकं मोजतायत." त्यानं चादर बाजूला केली, चपला शोधल्या आणि व्हॅनमध्ये येऊन माझ्या शेजारी बसला.

कारखान्यात शिरताना त्स्वीनं टाचण्यांच्या फटीतून विचारलं, "आजारी ना तू?"

"होतो," एलायजा म्हणाला, आणि मशीनसमोर बसून त्यानं सुईत दोरा ओवला.